सीबीडी हेम्प: वाण, लागवड, कायदा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी कृषी पदवीधर आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात सीबीडी या द्रव्यासाठी (प्र. २) लावलेल्या हेम्पच्या शेतावर तीन हंगाम काम केलं. तेव्हापासून फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढून घेताना हेच प्रश्न येत राहिले, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली. प्रश्न आले तसेच ठेवले आहेत. महाराष्ट्रात शेती असेल आणि लावायचा विचार मनात असेल, तर आधी प्र. ९ वाचा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

१. दादा, हा गांजाच ना? नुसतं नाव बदललंय?

झाड एकच, कॅनाबिस सटायव्हा. ज्या झाडात टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य नगण्य असतं, त्याला व्यवहारात हेम्प म्हणतात. अमेरिकेत ही रेषा वाळलेल्या वजनाच्या ०.३ टक्क्यावर आखली आहे. हा आकडा आला १९७६ साली अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केलेल्या वर्गीकरणातून. कुठेतरी रेघ ओढायला हवी म्हणून त्यांनी ती ओढली होती. पुढे कायद्याने तीच उचलली आणि आता तिच्या अलीकडे पीक, पलीकडे गुन्हा. झाडाला या रेषेचा पत्ता नसतो, आणि या पिकातली बहुतेक डोकेदुखी तिथूनच सुरू होते (प्र. ११).

२. सीबीडी म्हणजे काय? त्याने नशा येते का?

कॅनाबिडायॉल. १९४० मध्ये रॉजर ॲडम्स यांनी ते झाडातून वेगळं केलं आणि १९६३ मध्ये इस्राएलच्या राफाएल मेकोलम यांनी त्याची रचना उलगडली. त्याने टीएचसीसारखी नशा येत नाही. मात्र मोठ्या मात्रेत गुंगी येते आणि काही औषधांशी त्याचं जमत नाही (प्र. १७).

ते तयार होतं मादी फुलोऱ्यावरच्या चिकट, दवबिंदूंसारख्या ग्रंथींत. पानांत थोडं असतं, बियांत जवळजवळ नसतंच. त्यामुळे दुकानातलं ‘हेम्प सीड ऑइल’ हे करडई-जवसाच्या रांगेतलं खाद्यतेल आहे. सीबीडीच्या आशेने ते घेऊ नका.

३. आमच्याकडे अंबाडी आणि ताग असतो. इंग्रजीत त्यालाही हेम्प म्हणतात. तेच का?

नाही, आणि हा घोळ साहेबाच्या काळापासूनचा आहे. ज्यापासून दोर निघतो त्या प्रत्येक झाडाला त्यांनी हेम्प म्हणून टाकलं. अंबाडी झाली ‘डेक्कन हेम्प’, ताग झाला ‘सन हेम्प’. अंबाडी भेंडी-जास्वंदीच्या कुळातली, ताग द्विदल. अंबाडीच्या एका जातीचं शास्त्रीय नावच ‘कॅनाबिनस’ आहे, कारण तिचं कातरलेलं पान गांजाच्या पानासारखं दिसतं. भाजी बिनधास्त खा.

४. जास्त सीबीडीचं वाण आलं कुठून?

युरोपातल्या धाग्याच्या जुन्या वाणांत (इटलीचं कार्मान्योला, हंगेरीचं कोम्पोल्टी) सीबीडी आधीपासून होतं, पण फुलोरा विरळ. नशेच्या बाजारातल्या वाणांत फुलोरा भरगच्च, पण त्यात सगळं टीएचसी. दोन्ही गुण एका झाडात आणणं हेच पैदासकारांचं काम होतं. स्पेनमध्ये निवडलेलं ‘कॅनाटोनिक’ आणि त्याच्या वंशातलं ‘एसीडीसी’ ही त्यातली गाजलेली नावं. एसीडीसीत सीबीडी आणि टीएचसीचं प्रमाण साधारण वीसास एक.

सगळ्यांत प्रसिद्ध झालं ते कोलोरॅडोच्या स्टॅनली बंधूंचं ‘शार्लट्स वेब’. नशा येत नाही म्हणून सुरुवातीला त्याला ‘हिप्पीचा हिरमोड’ अशा अर्थाचं नाव होतं. पुढे शार्लट फिगी या लहान मुलीला द्रावे सिंड्रोम या फिट्सच्या आजारामुळे आठवड्याला तीनशेपर्यंत झटके यायचे, ते या वाणाच्या तेलाने बरेच कमी झाले. वाणाला तिचं नाव मिळालं आणि २०१३ मध्ये सीएनएनने ती गोष्ट दाखवली. ती मुलगी २०२० मध्ये गेली. सीबीडीच्या बाजारात आज जी गर्दी दिसते, तिच्यातली बरीचशी त्या एका घरातून सुरू झाली.

आनुवंशिकतेचा भाग महत्त्वाचा. झाड आधी सीबीजीए नावाचं कच्चं द्रव्य बनवतं. त्यापासून सीबीडी करायचं की टीएचसी, हे मुख्यतः एका जनुकस्थानावर ठरतं. दोन्ही बाजूंनी सीबीडीचा वारसा आला तर सीबीडीचं झाड, दोन्हीकडून टीएचसीचा आला तर गांजा, एकेक आला तर मिश्र. म्हणून ‘खत बदललं की गांजाचं हेम्प होतं’ हे खोटं आहे.

५. नुसतं बघून ओळखता येतं का, हे सीबीडीचं की गांजाचं?

नाही. मला येत नाही, पोलिसांना येत नाही, आणि ‘वासावरून सांगतो’ म्हणणाऱ्यालाही येत नाही. वास टर्पीन नावाच्या वेगळ्या द्रव्यांचा असतो, ती दोन्हींत असतात. फक्त प्रयोगशाळा सांगते.

६. बी लावायचं की कलम?

हे झाड नर-मादी वेगळं असतं, पपईसारखं. साध्या बियांतून निम्मे नर निघतात आणि सीबीडीसाठी नर नुसता बिनकामाचा नाही, तर घातक असतो (प्र. ८). म्हणून ‘फेमिनाइज्ड’ बी वापरतात. मादी झाडावर चांदीच्या संयुगाची फवारणी केली की तिलाच परागकण येतात. त्या परागांनी धरलेल्या बियांतून जवळजवळ सगळ्या माद्या निघतात. २०१९ च्या तेजीत असल्या एका बीला एक डॉलरच्या आसपास मोजावा लागत होता.

मादीच्या फांदीची छाट कलमं लावली तर सगळा प्लॉट एकसारखा येतो, प्रयोगशाळेचा निकालही एकसारखा येतो. पण कलमाला सोटमूळ नसतं, वाऱ्यात झाड कलंडतं. शिवाय मातृवृक्षात हॉप लेटंट व्हायरॉइड (विषाणूसारखा रोगकारक) असेल तर तो फुकटात सगळ्या शेतात जातो. आम्ही एक हंगाम कलमं लावली आणि पुन्हा बियांवर आलो.

७. एकरी किती झाडं? जमीन, पाणी काय लागतं?

धाग्यासाठी दाट पेरतात, गव्हासारखं. सीबीडीला उलट, झाड झुडपासारखं पसरू द्यायचं. पाच बाय पाच फुटांवर एकरी १,७४२ झाडं बसतात. हेम्पच्या शेतात पहिल्यांदा गेलो तेव्हा मला ते धाग्याच्या पिकापेक्षा टोमॅटो-मिरचीच्या प्लॉटसारखं वाटलं: गादीवाफा, मल्चिंग पेपर, ठिबक, ट्रेमधली रोपं.

जमीन निचऱ्याची, सामू सहा ते सातच्या दरम्यान. पाणी साचलं की रोपं मुळकुजीने माना टाकतात. नत्र वाढीच्या काळात द्यायचं आणि फुलोरा सुरू झाला की हात आखडता घ्यायचा. या पिकाला पाणी-खत लागतच नाही असं इंटरनेटवर ऐकाल. ते रानटी झाडाबद्दल खरं असेल, विकायच्या फुलोऱ्याबद्दल नाही.

हे झाड जमिनीतलं कॅडमियम, शिसं असे जड धातू ओढून घेतं. तेल काढताना तेही तेलात उतरू शकतं, म्हणून लागवडीआधी मातीची तपासणी चुकवायची नसते.

८. एखाद-दुसरा नर राहिला तर एवढं काय बिघडतं?

फुलोऱ्यात बी धरतं, झाडाची ताकद बियांकडे जाते, सीबीडी उतरतं आणि बियांनी भरलेला माल खरेदीदार घेत नाही. पराग वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातो. शेजाऱ्याने धाग्याचं हेम्प लावलं असेल तर तुमचे नर उपटून उपयोग नाही. कोलोरॅडोत यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वकिलांपर्यंत गोष्टी गेलेल्या ऐकल्या. बांधाचं भांडण बांधापाशी तरी थांबतं, परागाला बांध नसतो.

फेमिनाइज्ड बियांतही हजारी एखादा नर निघतो, म्हणजे एकरात एक-दोन. फुलोऱ्याच्या तोंडावर रोज सकाळी ओळीतून फिरून फांदीच्या बेचक्यात बघावं लागतं: पांढरे केस दिसले तर मादी, गोल मण्यांचे घोस दिसले तर नर. हे तंत्र नवं नाही. एकोणिसाव्या शतकात बंगालमधल्या नौगावच्या गांजा-शेतीत नर हुडकून काढायला खास जाणकार बोलवत, त्यांना ‘परखदार’ म्हणत. इंग्रज अधिकारी त्यांनाच ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. १८९३-९४ च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाच्या काळात आपल्या अहमदनगर जिल्ह्यातही परवान्याने गांजा पिकत होता. त्यावरून पुढचा प्रश्न.

९. मग महाराष्ट्रात लावू का? टीएचसी ०.३ च्या आत ठेवलं तर?

नाही. आणि ‘०.३ च्या आत’ या युक्तिवादावर विसंबून तर अजिबात नाही.

१९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात ‘कॅनाबिसचं झाड’ म्हणजे त्या प्रजातीचं कुठलंही झाड. त्यात टक्केवारीची रेषाच नाही. कलम ८ नुसार लागवडीला बंदी. कलम २० नुसार लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. झाडात सीबीडी किती होतं हे तिथे विचारलं जात नाही.

सवलतीची दारं दोन. कलम १० नुसार राज्य सरकार नियम करून लागवडीला परवानगी देऊ शकतं. कलम १४ नुसार सरकार फक्त धागा, बी किंवा बागायती कामासाठी मुभा देऊ शकतं. फुलोऱ्यातून सीबीडी काढणं या दुसऱ्या दारात बसत नाही. महाराष्ट्रात शेतकऱ्याला अर्ज करून परवाना मिळेल अशी योजना नाही. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने पिकांना भाव नाही म्हणून दोन एकर गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. त्या अर्जात उपरोध किती आणि वैताग किती हे ज्याचं त्याने ठरवावं, परवानगी मात्र मिळाली नाही. गोव्यातही औषधी लागवडीचा प्रस्ताव २०२०-२१ मध्ये चर्चेत येऊन बारगळला.

तूर-कपाशीच्या आत आंतरपीक म्हणून लावणाऱ्यांच्या बातम्या दर हंगामात येतात. ‘ते सीबीडीचं होतं’ हा बचाव नाही.

१०. उत्तराखंडात तर परवाना मिळतो म्हणे?

मिळतो. २०१८ मध्ये व्यावसायिक लागवडीचा परवाना देणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. तिथेही मर्यादा ०.३ टक्के टीएचसी. मुख्य अडचण बियाण्याची, कारण हिमालयात रानोमाळ उगवणारी भांग बहुतेक वेळा त्या मर्यादेत बसत नाही. हिमाचलनेही जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठांमार्फत पथदर्शी अभ्यासाला मंजुरी दिली. जम्मूची सीएसआयआर-आयआयआयएम ही संस्था परवान्याखाली औषधी कॅनाबिसवर संशोधन करते. ‘तिकडची कंपनी करारशेती देते, बी पाठवते, तुम्ही विदर्भात लावा’ असा फोन आला तर फोन ठेवून द्या. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालत नाही.

११. ‘पीक हॉट गेलं’ म्हणजे काय?

या पिकाचा सगळा खेळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

सीबीडी बनवणारं विकर (एन्झाइम) पूर्ण काटेकोर नसतं. दर वीस-तीस भाग सीबीडीमागे ते एखादा भाग टीएचसीचाही बनवून ठेवतं. म्हणजे फुलोरा पिकत जातो तसं सीबीडी वाढतं आणि त्याच प्रमाणात टीएचसीही वाढतं. पंचवीसास एक धरा: टीएचसी ०.३ वर पोहोचलं तेव्हा सीबीडी साडेसात टक्के. त्यापुढचा प्रत्येक जास्तीचा टक्का बेकायदा मालातला.

अमेरिकेत काढणीच्या आधी ३० दिवसांच्या आत अधिकृत माणूस येऊन झाडांच्या शेंड्यांचे पाच ते आठ इंचांचे नमुने नेतो. शेंड्यातच द्रव्य सर्वांत जास्त असतं. प्रयोगशाळा ‘एकूण टीएचसी’ मोजते: टीएचसीए (झाडातलं टीएचसीचं कच्चं रूप) याचा आकडा गुणिले ०.८७७, अधिक टीएचसी. (तापवल्यावर टीएचसीएमधला कार्बन डायऑक्साइड उडून वजन तेवढं घटतं, म्हणून ०.८७७.) आकडा वर गेला तर पीक ‘हॉट’. मग ते नष्ट करा, नाहीतर फुलोरा काढून टाका, किंवा सगळं झाड दळून एकत्र करून पुन्हा तपासा. एक टक्क्याच्या आत असेल तर शेतकऱ्यावर निष्काळजीपणाचा ठपका येत नाही, पण माल गेला तो गेलाच.

दुसऱ्या हंगामात आमचा एक प्लॉट ०.४१ वर गेला. पंधरवड्यापूर्वीच्या आमच्याच चाचणीत आठ टक्के सीबीडी होतं. ‘अजून आठवडा थांबू, दहा होईल’ असं मालक म्हणाला, मीही मान हलवली. दहा झालं. मग दोन दिवस ट्रॅक्टरला श्रेडर लावून ते सगळं मातीत मिळवलं. शेतभर सुटलेला तो गोड, राळेसारखा वास अजून नाकात आहे.

‘उन्हाचा ताण बसला, पूर आला, म्हणून हॉट गेलं’ असं शेतकरी सर्रास सांगतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी पाणी तुंबवून, भुरी लावून, तणनाशक मारून, झाडांना जखमा करून पाहिलं. सीबीडी-टीएचसीचं गुणोत्तर बदललं नाही. ते वाणाच्या रक्तात असतं. तुमच्या हातात उरते फक्त काढणीची तारीख.

१२. जाहिरातीत ‘२० टक्के सीबीडी, ०.३ च्या आत टीएचसी’ लिहितात. खोटं का?

वरचाच हिशेब उलटा करा. वीस टक्क्याला ०.८ टीएचसी येतं. ही जाहिरात बहुधा दोनपैकी एक युक्ती असते: तयार टीएचसीचा आकडा दाखवायचा आणि टीएचसीए लपवायचं, किंवा सीबीडी पूर्ण पिकल्यावर मोजायचं आणि टीएचसी कच्चं असताना. दोन्ही आकडे एकाच नमुन्याचे, एकाच तारखेचे मागा. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने हेम्पची व्याख्याच ‘एकूण टीएचसी’वर नेली, ती एका वर्षानंतर लागू होणार अशा तरतुदीसह. त्यामुळे पहिल्या युक्तीचे दिवस तिथे भरत आले आहेत.

१३. समजा उद्या कायदा बदलला. कोलोरॅडोचं बी आपल्याकडे चालेल?

बहुतेक फसेल, आणि कारण आहे दिवसाची लांबी. हे लहान दिवसाचं झाड आहे. बऱ्याच वाणांना दिवस चौदा तासांच्या खाली आला की फुलोरा सुटतो. कोलोरॅडोत जूनमधला दिवस सुमारे पंधरा तासांचा, त्यामुळे झाड ऑगस्टपर्यंत नुसतं वाढतं. पुण्यात वर्षातला सगळ्यांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आतबाहेर. इथे रोप गुडघ्याएवढं होण्याआधीच फुलायला लागेल. फ्लोरिडात असंच झालं.

शेवंतीवाल्यांना हे सांगायला नको. फुलं लांबवायला ते रात्री शेतात बल्ब लावतात, तेच तत्त्व. एकरभर बल्बचं बिल सीबीडीच्या भावात बसेल का ते प्र. १६ वाचून ठरवा. ‘फिनोला’सारखी वाणं दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसतात, पण ती बुटकी आणि मुख्यतः बियांसाठीची.

१४. कीड-रोग?

या झाडाला कीड लागत नाही ही थाप आहे. आपल्या घाटे अळीची अमेरिकी बहीण फुलोऱ्यात शिरते, तिच्या विष्ठेवर बुरशी येते आणि आतून कूज. शिवाय भुरी, मावा, आणि डोळ्यांना न दिसणारे रसेट कोळी. फवारायला मान्यता असलेली औषधं मोजकीच, कारण तेल काढताना अवशेष घट्ट होत जातात. म्हणून हवा खेळती ठेवायची, रोगट फांदी लगेच काढायची.

१५. काढणी कधी आणि वाळवायचं कसं?

भिंगातून ग्रंथी बघतात: काचेसारख्या असतील तर कच्च्या, दुधाळ झाल्या की तयार, तांबूस झाल्या की उशीर. पण प्र. ११ मुळे शेतकरी दुधाळ होण्याची वाट बघतोच असं नाही, त्याआधी प्रयोगशाळेचा कागद बघतो.

फांद्या अंधाऱ्या, हवेशीर शेडमध्ये उलट्या टांगतात. १६ ते २० अंश तापमान, ५५ ते ६० टक्के आर्द्रता, दहा ते चौदा दिवस. काडी वाकण्याऐवजी कडकन मोडली की झालं. ओल्या मालाचं वजन पाव-पंचमांशावर येतं. नवे शेतकरी इथेच चुकतात: पीक दहा एकर, शेड दोन एकरांची. उरलेलं ढिगात तापून बुरशी धरतं. उन्हात वाळवू नका, सुगंध उडतो.

१६. पैसा किती मिळतो?

हेम्पला मोकळीक देणाऱ्या २०१८ च्या अमेरिकी कृषी कायद्यानंतर सगळ्यांनी एकदम लावलं आणि भाव कोसळला. तिथल्या कृषी खात्याच्या आकडेवारीत फुलोऱ्यासाठीच्या हेम्पचं मूल्य २०२१ मध्ये ६२.३ कोटी डॉलर होतं, २०२२ मध्ये १७.९ कोटी. ज्याने कांदा लावलाय त्याला हा आलेख समजावून सांगावा लागत नाही. कमावलं कोणी? बियाणं आणि रोपं विकणाऱ्यांनी.

१७. घरच्या मुलाला फिट्स येतात. हे तेल देऊ का?

स्वतःच्या मनाने नाही. शुद्ध सीबीडीचं एपिडायोलेक्स हे औषध अमेरिकेत जून २०१८ मध्ये मंजूर झालं, तेही द्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दोन अवघड आजारांसाठी, पुढे आणखी एकासाठी. त्यात यकृताच्या तपासण्या लागतात, आणि क्लोबाझाम हे फिट्सचं औषध चालू असेल तर त्याचा अंमल वाढून मूल गुंगीत जातं. मात्रेचा हिशेबही बघा: १५ किलोच्या मुलाला किलोमागे १० मिलिग्रॅम म्हणजे रोज १५० मिलिग्रॅम. हजार मिलिग्रॅमची बाटली आठवडाभरही पुरत नाही. चालू औषध बंद करून तेल सुरू करणं धोक्याचं. मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा, आणि बाटली नेऊन दाखवा.

१८. मग भारतात ऑनलाइन मिळणारं सीबीडी तेल कायदेशीर कसं?

एनडीपीएसच्या व्याख्येत शेंड्यांशिवायची पानं आणि बी ‘गांजा’त मोडत नाहीत. त्या पानांपासून, आयुर्वेदातल्या ‘विजया’ या नावाने, आयुष परवान्याखाली औषधं बनतात आणि ती वैद्याच्या चिठ्ठीवर घ्यायची असतात. ही वाट उत्पादकाची आहे, तुमच्या कुंडीची नाही. महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचंही नियंत्रण आहे. बियांची गोष्ट वेगळी: एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली.

१९. अमेरिकेहून येताना गमीज (चघळायच्या सीबीडी गोळ्या) आणल्या तर? किंवा दुबईला जाताना तेल नेलं तर?

दोन्ही नको. तिकडच्या बऱ्याच ‘हेम्प’ गमीजमध्ये टीएचसी असतंच, आणि इथे उतरल्यावर तो एनडीपीएसचा मामला होतो. अमिराती आणि सिंगापूरमध्ये सीबीडीवरही बंदी आहे, तिथे ‘पण यात नशा नाही’ हे ऐकून घेतलं जात नाही.

२०. तेल घेतलं तर नोकरीच्या लघवी तपासणीत सापडेल का?

‘फुल स्पेक्ट्रम’ तेलात थोडं टीएचसी असतं आणि रोज घेतलं तर ते अंगात साठतं. हो, सापडू शकतं. जहाजावर असणाऱ्यांनी आणि खेळाडूंनी तर लांबच राहावं.

२१. आमच्या शेतात एका कोपऱ्यात असं झाड दिसलं, आम्ही लावलेलं नाही. उपटून टाकू की गप्प बसू?

गप्प बसू नका. कलम ४६ नुसार आपल्या जमिनीत बेकायदा लागवड दिसली तर ताबडतोब कळवणं हे जमीनधारकाचं कर्तव्य आहे आणि जाणूनबुजून टाळलं तर शिक्षा आहे. जमीन वाट्याने किंवा खंडाने दिली असली तरी सातबारा तुमच्या नावावर आहे हे लक्षात ठेवा. फोटो काढा, पोलीस पाटलाला सोबत घ्या, पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. झाडाला हात पंचनामा झाल्यावर लावा.